दत्तारामचे रिकामे डबे

दत्तारामच्या स्वयंपाकघरात फळीवर रिकामे डबे आहेत आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. भरलेल्या डब्यांवर चिठ्ठी नाही. त्यांत काय आहे ते झाकण उघडलं की दिसतं, असं तो म्हणतो. एका रिकाम्या डब्यावर लिहिलंय, ‘साखर होती, संपली.’ दुसऱ्यावर, ‘यात कधीच काही ठेवलेलं नाही.’ तिसऱ्यावर, ‘काय होतं माहीत नाही. वास घेऊ नये.’ मी घेतला. चिठ्ठी बरोबर होती.

कडेला एक स्टीलचा डबा आहे. तोही रिकामाच, पण त्याच्यावर चिठ्ठी नाही. त्याबद्दल विचारलं की दत्ताराम चहा ठेवायला उठतो.

हा माझा शेजारी. इथलाच, रेवदंड्याचा, पण नोकरी मुंबईत केली. लग्न केलं नाही. कंपनीनं हार घालून निरोप दिला तेव्हा गावी परत आला आणि बापाच्या घरात एकटा राहू लागला. मी चौथी शिकलेली, जन्म मासळी विकण्यात गेला. त्याची नोकरी कसली होती ते मला त्याच्याकडूनच समजून घ्यावं लागलं. जुन्या कंप्युटरातली माहिती नव्या कंप्युटरात नेऊन भरायची, हे त्याचं काम.

“म्हंजे बिऱ्हाड हलवायचं,” मी म्हटलं.

“व्हय वैनी. भरलेलं सामान सरळ जातं. घोळ घालतात ते रिकामे डबे. जुनं मशीन रिकामी जागा रिकामी ठेवतं. नव्याला ते सोसत न्हाय. ते आपल्या मनानं कायतरी कोंबतं. कधी शून्य, कधी ‘नाही’. मग तेच खरं होऊन बसतं.”

“बसू दे की. तुझं काय जातं?”

“तुमची पाटी रिकामी हाय. कशापायी?”

“मासळी विकली म्हणून.”

“नायतर मासळी गावलीच न्हाय म्हणून. नायतर होडी अजून आलीच न्हाय म्हणून. पाटी तिन्ही वेळा सारखीच दिसते. पण होडी यायची असताना ‘मासळी शून्य’ असं कोण लिहील?”

“गाढव लिहील.”

“मशीन लिहितं,” तो म्हणाला.

एवढं कळलं की दत्ताराम कळला. बाकी सगळं त्याचंच वाढवलेलं. ‘रिकामं खरं, पण कुठलं रिकामं?’ हे वाक्य तो जिथे तिथे लावतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याची पत्रावळ मोकळी दिसली की विचारणार, “वाढायचं राहिलं, की खाऊन झालं?” अलिबागला जायला निघाला की मोकळ्या रिक्षाजवळ उभा राहणार. “ही रिकामी हाय, की पॅसेंजर चहाला गेलाय?” तोवर रिक्षा दुसऱ्याला घेऊन जाते. माझा नवरा कानानं अधू. दोघं पडवीत पत्ते खेळतात. नवरा गप्प राहिला की दत्ताराम मला आत हाक मारून विचारतो, “वैनी, यांचं उत्तर न्हाय, की यांना ऐकू आलं न्हाय?” मी म्हणते, “चाळीस वर्षं मलाही कळलेलं न्हाय.”

गाव त्याला हसायचं. मीसुद्धा. मग नवा मासळी बाजार बांधून झाला.

आम्ही मासळी विकणाऱ्या बायकांची एक सोसायटी आहे. नव्या बाजारात डोक्यावर छप्पर आणि बसायला प्रत्येकीला स्वतःचा ओटा मिळणार होता. आजवर आम्ही रस्त्याच्या कडेला बसत आलो, पावसात छत्री धरून एका हातानं मासे कापत. ओटे सोसायटीच्या कंप्युटरावरून वाटायचे होते, आणि नेमका तोच कंप्युटर बदलत होता. आमचा सेक्रेटरी मधुकर, त्यानं मदतीला दत्तारामला बोलावलं. पुढे त्याचा त्याला फार पश्चात्ताप झाला.

निम्म्या बायकांच्या नावापुढे ‘पतीचे नाव’ हा रकाना रिकामा होता. कारण उघड आहे. पूर्वी कारकुनानं विचारलं तेव्हा आम्ही तोंडाला पदर लावला. नवऱ्याचं नाव कोण घेणार? त्यानं जागा मोकळी सोडली. आता नवं मशीन मोकळ्या जागेची बाई आत घेईना. मधुकर म्हणाला, “सोपं हाय. सगळीकडे ‘नाही’ भरतो.”

“आन् माझा नवरा पडवीत कोलंबी सोलतोय तो कोण?” मी विचारलं.

“तू लिही ना रे,” मी दत्तारामला म्हटलं. “रोज पत्ते खेळतोस, नाव ठाऊक हाय तुला.”

“मला ठाऊक हाय. पण रकाना तुमचा हाय. तुमच्या तोंडून आलं पायजे.”

घरी माझ्या नवऱ्यानं स्वतःचं नाव ओरडून सांगितलं. दत्ताराम त्याच्या कानात ओरडला, “रकाना तुझा न्हाय!”

शेवटी मीच तोड काढली. नाव नुसतं घेता येत नाही, पण उखाण्यात घेता येतं. दुपारी सगळ्या जणी मासळी सुकवायच्या जागेत जमलो. मधुकर आणि दत्ताराम कंप्युटर मांडून बसले. सुरुवात मी केली:

“सोड्याचं कालवण, तांदळाची भाकरी,
हरिश्चंद्राच्या घरी केली जन्माची चाकरी.”

मग हिराबाय उठली. तिचा नवरा पितो.

“खाडीला भरती, होडी लागली धक्क्याला,
काशिनाथाचं नाव घेते, आग लागो गुत्त्याला.”

“काशिनाथ एवढंच लिही,” दत्ताराम मधुकरला म्हणाला. “गुत्त्याला रकाना न्हाय.”

नावामागून मशीन दुसरा प्रश्न विचारत होतं, पती हयात आहे का. ज्यांचे नवरे वारले होते त्यांनी ‘नाही’ सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “घरी जाऊन हलवून बघा.” सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग यशोदा आली.

यशोदा आमच्याच आळीतली. तिचा नवरा गुजरातेत ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला, तो आलाच नाही. बुडाला म्हणावं तर कोणी पाहिलं नाही. पळाला म्हणावं तर कोणाला दिसला नाही. तिनं उखाणा घेतला नाही. “सदाशिव,” एवढंच म्हणाली.

“हयात?” मधुकरनं विचारलं.

“ठाऊक न्हाय.”

“यशोदाकाकी, मशीन ‘हो’ नायतर ‘नाही’ एवढंच घेतं. इतकी वर्षं झाली. ‘नाही’ लिहितो, ओटा तरी मिळेल.”

“‘न्हाय’ लिहिणार असशील तर ओटा नको मला.” तिनं पाटी उचलली आणि गेली.

आम्ही बायकांनी तिला घरी गाठून फैलावर घेतलं. मी तर स्पष्ट सांगितलं, “मशीनला काय कळतंय? लिहू दे. पावसात एकटीच रस्त्यावर बसशील.” ती मासे साफ करत राहिली.

दत्ताराम दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत जाऊन बसला. मशीन बनवणाऱ्यांना फोनवर फोन. ते म्हणत, रिकामं चालत नाही. हा म्हणे, चालवा. मी बाजारातून येताना खिडकीतून त्याचा आवाज ऐकला. “अहो, होडी आलेली न्हाय, आन् तुम्ही मासळी शून्य लिहिताय!” पलीकडच्या पोरीला मासळीचं काय कळणार! मधुकर बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता. मला म्हणाला, “काकी, एका बाईपायी सगळ्यांचे ओटे अडलेत. तुम्ही सांगा त्याला.” मी आत गेले. पण दत्तारामचा चेहरा पाहून मी फक्त त्याचा गार झालेला चहा उचलला आणि बाहेर आले.

अखेर मशीन वाकलं. रिकामा रकाना घ्यायला तयार झालं, आणि शेजारी दत्तारामनं एक बारका रकाना बसवून घेतला, तो का रिकामा आहे ते लिहायला. यशोदाच्या नावापुढे ‘हयात’ मोकळं, आणि बाजूला ‘माहीत नाही’. तिला ओटा मिळाला, माझ्या शेजारचाच. भाव पाडते, पण असो.

ओटे मिळाले म्हणून मी दत्तारामला सुके बोंबील द्यायला गेले. तो हात धुवायला मागे गेला होता. मी बोंबील ठेवायला डबा शोधू लागले आणि तो बिनचिठ्ठीचा स्टीलचा डबा खाली काढला. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं त्याच्यावर नाव घातलेलं होतं. सदाशिव.

मग आठवलं. हा मुंबईहून आला त्या वर्षी तापानं पडला होता, तेव्हा यशोदा याला डब्यातून पेज पाठवायची.

“डबा परत नाही केलास?” तो आल्यावर मी विचारलं.

“रिकामा कसा द्यायचा, वैनी?”

“गुळाचा खडा घाल आन् दे. एवढी वर्षं लागतात व्हय?”

मधुकरच्या हातून ‘नाही’ लिहिलं गेलं असतं, तर सगळ्यांत जास्त सोय कोणाची झाली असती, ते मला तेव्हा कळलं. मी कशाचं मनाला लावून घेणारी बाई नाही. पण माझ्या हातातले बोंबील मी त्या डब्यात घातले नाहीत.

दत्तारामनं डबा माझ्याकडून घेतला, सदऱ्यानं पुसला आणि नाव समोर येईल असा परत फळीवर ठेवला. मग चहा टाकला.

साखर खरंच संपली होती. आम्ही तसाच प्यालो.