मांजराचा कौल

या खेपेला मांजर आपल्याकडेच येणार, याबद्दल लोविनाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती! खारवलेल्या माशाचा चांगला मोठा तुकडा रुमालात गुंडाळून तिने बाहीत खुपसला होता. मांजराच्या मर्जीवर तिने काही सोडलंच नव्हतं.

पेल्टनकाकूंकडे चर्चच्या बायका सकाळपासून नव्या पाद्रीबुवांसाठी गोधडी शिवत होत्या. शेवटचा टाका पडला, की लग्नाच्या पोरापोरींनी गोधडीचे काठ धरायचे, मधोमध मांजर ठेवायचं आणि उडवायचं. ते ज्याच्या अंगावर जाईल, त्याचं लग्न सगळ्यांत आधी! हे पाद्रीबुवांच्या कानावर जाऊ नये, एवढी काळजी काकू घेत.

लोविनाला लग्नाची घाई नव्हती. ऑरिन टटलला थोडी घाई व्हावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. दोन वर्षं तो चर्चमध्ये तिच्या शेजारी उभा राहून गात होता आणि प्रार्थना संपली की हवापाण्याबद्दल बोलत होता.

संध्याकाळी पुरुषमंडळी जेवायला आली. ऑरिन, लोविना, ऑर्गन वाजवणारी थर्झा, सगळ्यांनी गोधडी धरली.

"अगं, कसला वास येतोय?" काकूंनी नाक मुरडलं.

"नव्या कापडाचा असेल, काकू!"

"मग ते कापड समुद्रातून आलंय वाटतं!"

लोविनाने घाईघाईने हात मागे घेतला आणि रुमाल टपकन खाली पडला. ऑरिनने लगेच वाकून उचलला.

"दे इकडे! आत्ताच्या आत्ता दे!"

"ऑरिन, काठ सोडलास तर बघ!" काकू ओरडल्या.

"मग देतो गं," म्हणत त्याने तो कोटाच्या खिशात कोंबला.

"एक, दोन, तीन!"

मांजर चारी पाय फाकून वर गेलं, खाली आलं आणि थेट ऑरिनच्या छातीवर चढून त्याच्या खिशात डोकं घालून बसलं!

"टटलांकडे सून येणार गं बाई!" एकच गलका झाला. लोविना जरा चरफडली, पण लगेच सावरली. कौल त्याला मिळाला म्हणून काय बिघडलं? नवरा ठरला, नवरी तर शेजारीच उभी होती!

हनुवटीवरचे ओरखडे पुसत ऑरिनने तिला बाजूला बोलावलं.

"लोविना, दोन वर्षं मी देवाकडे खूण मागत होतो."

"मिळाली ना मग!"

"पण बोलायचं धाडसच होत नाही गं."

"बोल की! मी काय खाते का तुला?"

"तेच तर! तुझ्याशी बोलायला कधी अवघड वाटतच नाही. म्हणून म्हणतो, थर्झाला तूच विचार ना!"

लोविनाला रडू येत होतं. तरी ती गेली. थर्झा स्वयंपाकघरात बशा विसळत होती.

"ऑरिन म्हणतोय, तुझ्याशिवाय हे गाव त्याला सुनं सुनं वाटतं. तू हो म्हणालीस, तर थंडी पडायच्या आत नदीकाठी घर बांधीन म्हणतो, आणि खिडकी तू म्हणशील तिकडे!"

"अगंबाई! इतकं छान बोलतो तो?" थर्झाने हातातली बशी खाली ठेवली. "हो म्हणावं त्याला!"

ऑरिन यातलं एक अक्षर बोलला नव्हता. पण गेली दोन वर्षं आरशासमोर उभी राहून लोविना त्याच्या वतीने स्वतःलाच हे रोज सांगत आली होती. त्यामुळे कुठे अडखळायला झालं नाही, इतकंच!