जुनी असल्याचा पुरावा

आपल्याला गिटार का वाजवता येत नाही, याचं कारण आमच्या शेजारच्या साहेबांनी अखेर शोधून काढलं. कारण गिटार हेच होतं.

"साधी लाकडी आहे हो," ते मला जिन्यात म्हणाले. "पोकळ लाकूड! त्यातून काय कपाळ सूर निघणार? आता सगळं विजेवर चालतं. इलेक्ट्रिक घेतली की बघा, गाणं आपोआप बोटांत उतरतं."

साहेब विमा कंपनीत दावे तपासतात. दावा कसलाही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पुरावा कुठे? म्हणून अख्खी इमारत त्यांना 'पुरावासाहेब' म्हणते, आणि त्यांना तो बहुमान वाटतो. त्यांच्या आयुष्यात विनापुराव्याची गोष्ट एकच होती. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी वहिनींना शब्द दिला होता, की तुझं आवडतं गाणं मी तुला गिटारवर अख्खं वाजवून दाखवीन. गिटार आली. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीला बोटं दुखली, गिटार कपाटावर गेली आणि संसार सुरू झाला. आता लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. वहिनी अधूनमधून कपाटाकडे बघत. ते बघणं साहेबांच्या फार जिव्हारी लागे.

वाद्यांच्या मोठ्या दुकानात योजना लागली होती: जुनी द्या, नवी न्या. साहेब गिटार घेऊन निघाले. गाडी माझी असल्यामुळे मीही निघालो.

दुकानात भिंग घेऊन एक गंभीर गृहस्थ बसले होते. टेबलावर पाटी होती, 'जुनेपणा निर्धारण अधिकारी'. त्यांनी गिटार उलटीसुलटी केली, आत फुंकर मारली आणि मान हलवली.

"ही जुनी नाही."

"अहो, पंचवीस वर्षं झाली घेऊन!"

"ते वय झालं. योजनेत जुनी म्हणजे वापरून जुनी. हिच्या मानेवरच्या पट्ट्या झिजलेल्या नाहीत, कुठे घामाचा डाग नाही. ही पंचवीस वर्षांची नवी गिटार आहे. नवी देऊन नवी न्यायची आमच्याकडे सोय नाही."

मला वाटलं, आता साहेब भडकणार. पण ते चक्क गहिवरले. आदल्याच आठवड्यात त्यांनी एका आजीबाईंचा दावा परत पाठवला होता, कारण जळालेल्या कपाटात कपाटाची पावतीही जळाली होती. आपल्या तोडीचा माणूस त्यांना आज प्रथमच भेटत होता.

"याला म्हणतात तपासणी!" ते गाडीत म्हणाले.

घरी येऊन त्यांनी भांड्यांची घासणी घेतली आणि गिटार जुनी करायला बसले. पट्ट्या घासल्या, मानेला चहा चोळला. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "यापेक्षा वाजवणं सोपं नाही का?" साहेबांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

अधिकाऱ्यांनी मात्र भिंग लावताच ओळखलं. "ही घासलेली आहे, वाजवलेली नाही. डावा हात पुढे करा." त्यांनी साहेबांची बोटं एकेक करून दाबली. "घट्टे कुठायत? ही बोटं फक्त शेरे मारणाऱ्याची आहेत. वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात. त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही."

मग आमचे हाल सुरू झाले. साहेब ऑफिसातून आले की गिटार घेऊन बसत. पहिल्या आठवड्यात खालच्या डॉक्टरीणबाई वर येऊन विचारून गेल्या, कुणाला काही दुखतंय का म्हणून. साहेबांना सुराशी कर्तव्यच नव्हतं. ते गाणं मध्येच थांबवून बोटं दाबून बघत, पुरावा किती कडक झालाय ते.

पण गाढवपणालाही कधीकधी फळ येतं. दुसरी ओळ आली. तिसरी आली. वहिनी आधी कानात कापूस घालून भांडी घासत, मग कापूस काढून, आणि मग नळ बंद करून ऐकायला लागल्या. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत आलं, आणि त्यात वहिनींचा आवाजही होता. मी टाळ्या वाजवत त्यांच्या दारात गेलो.

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, आलं की हो तुम्हाला!"

"आलं ना?" साहेब आनंदाने ओरडले. "म्हणजे आता ही नक्की जुनी झाली!"

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी बोटं तपासली आणि उठून हात मिळवला. इतकी निर्दोष जुनी गिटार त्यांनी बऱ्याच काळात पाहिली नव्हती. शिक्का बसला. लाकडी गिटार आत गेली, लालचुटूक इलेक्ट्रिक बाहेर आली.

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे जमलो. लाल गिटार भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्यावरचं पातळ प्लास्टिक दिव्यात चमकत होतं.

"वाजवा ना," वहिनी म्हणाल्या. "तेच."

साहेब दचकले. "अगं, प्लास्टिक काढलं की हमी संपते. पत्रकात लिहिलंय तसं."

"हमी किती वर्षांची आहे?"

"पाच."

"म्हणजे तिसाव्या वाढदिवसाला?"

"बघू," साहेब म्हणाले, आणि वहिनींनी केक कापला. जरा जोरातच कापला.

पुढच्या आठवड्यात वहिनी मला घेऊन दुकानात गेल्या. जुनी गिटार काचेमागे होती, 'मुरलेली, हमखास सुरात' अशा चिठ्ठीसह. वहिनी अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "ती लाल परत घ्या आणि आमची ही आम्हाला द्या."

"लाल वाजवलीय का?"

"छे! प्लास्टिकसुद्धा निघालं नाहीये."

"मग ती नवी आहे. योजनेत बसत नाही. आधी जुनी करून आणा."

वहिनी भर दुकानात खो खो हसत सुटल्या. मला वाटलं, बाई कामातून गेल्या.

तेव्हापासून साहेब ऑफिसला गेले की पलीकडून आधी प्लास्टिकची चुरचुर ऐकू येते आणि मग गिटार. वहिनींची दुसरी ओळ आली, तिसरी घोटणं चाललंय. परवा त्या मला म्हणाल्या, "आता जुनी झाली तरी द्यायची नाही बरं का." संध्याकाळी त्या प्लास्टिक पुन्हा नीट चिकटवतात. साहेब घरी आले की हमी शाबूत आहे ना ते भिंग लावून बघतात (हो, त्यांनीही भिंग घेतलंय) आणि समाधानाने जेवायला बसतात. सगळा पुरावा ताट वाढणाऱ्या बोटांवर असतो, पण तिकडे कोण बघतो!

तुम्हाला हसू येतंय ना? खुशाल हसा. फक्त एक सांगा, तुमच्या घरात जी कुणी ताट वाढते, तिची बोटं तुम्ही शेवटची कधी हातात घेऊन बघितलीत? आणि घेतली असं म्हणत असाल, तर पुरावा?