मेंदूचं वय सत्तावन्न

माझी पुतणी कादंबरी शास्त्रज्ञ आहे आणि तिची बुद्धी आमच्या घराण्यातून, म्हणजे थेट माझ्याकडून आली आहे, हे मी अख्ख्या कोपर गावाला सांगून ठेवलं आहे. माणूस म्हातारा का होतो, हे ती जनुकांमध्ये शोधते आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये पडताळून पाहते. तिचे एक्केचाळीस शोधनिबंध छापून आलेत. मी सगळ्यांची शीर्षकं वाचली आहेत. त्यापुढे वाचायची मला गरज पडली नाही.

यंदा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक होती. गेली सहा वर्षं अध्यक्ष मीच, आणि ती खुर्ची मला शोभते असं माझं स्पष्ट मत आहे. पण या वेळी महिपत उभा राहिला. केमिकल कंपनीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेला, जिभेला धार असलेला गडी. तो भेटेल त्याला सांगत सुटला, "त्र्यंबकरावांना आता काय आठवत नाय. मागच्या मीटिंगला दोनदा चहा सांगितला."

दोनदा सांगितला, हे खरं. पहिला गार होता!

मी मनात म्हटलं, थांब लेका. कादंबरीने एक प्रोग्रॅम बनवलाय. त्याला एमआरआय दाखवला की तो मेंदूचं वय सांगतो. तिच्या अभ्यासाला निरोगी माणसं हवी होती म्हणून महिन्यापूर्वीच मी ठाण्याला जाऊन त्या मशिनमध्ये अर्धा तास पडून आलो होतो. लगेच तिला फोन लावला.

"काका, सत्तावन्न आलंय," ती म्हणाली. "पण ते कच्चं आहे हं. आणि हा आकडा हजारो लोकांच्या अभ्यासासाठी असतो, एकट्या माणसाबद्दल त्यावरून काही ठरवायचं नसतं. कुणाला दाखवू नका."

"छे, छे, मी कशाला दाखवतोय," मी म्हटलं.

माझं वय बाहत्तर आणि मेंदू सत्तावन्न! संध्याकाळच्या आत मी ते संघाच्या फळ्यावर लिहिलं. शेजारी 'खरे वय मेंदूचे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि पुरावा म्हणून कादंबरीच्या निबंधांची पाच पानी यादी टाचली.

वासंती, म्हणजे माझी बायको, फळा वाचून एवढंच म्हणाली, "अहो, मग काल माझ्या चपला घालून दूध आणायला कोण गेलं होतं?"

दोन दिवस मी हवेत होतो. संघातल्या सगुणाबाई तर गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याचंही वय बघून घ्या की."

तिसऱ्या दिवशी महिपतने लेखी हरकत घेतली. संघाच्या घटनेप्रमाणे सभासदाला साठ वर्षं पूर्ण हवीत.

"अध्यक्षांनी सोत्ता लिहून दिलंय सत्तावन्न," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "वर एक्केचाळीस निबंधांचा पुरावा. सायन्सपुढे आपण कोण? तीन वर्षं थांबा म्हणावं, मग फॉर्म भरा."

लोक हसतील असं मला वाटलं. लोकांनी माना डोलावल्या. मी आधार कार्ड पुढे केलं, तर आमच्या चिटणीस संचिताताई फळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे शरीराचं झालं. खरं वय मेंदूचं, असं तुम्हीच लिहिलंय."

म्हणजे आता रविवारच्या सभेच्या आत मला म्हातारं होणं भाग होतं. पुन्हा फोन लावला.

"कादंबरी, जरा वाढव गं."

"काय वाढवू?"

"वय. साठच्या वर कुठेही चालेल."

"काका, मी काय ते हाताने लिहिते का?" ती वैतागली. मग म्हणाली, "पण वाढेल बहुतेक. त्या मशिनची चित्रं जरा वेगळी येतात, त्याची दुरुस्ती करायची राहिली आहे. रविवारी कळवते."

शास्त्रज्ञ असावी तर अशी. रविवारी भर सभेत तिचा मेसेज आला. मी तो वाचलासुद्धा नाही. तसाच फोन संचिताताईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "मोठ्याने वाचा."

"दुरुस्तीनंतर ब्याऐंशी," त्यांनी वाचलं. "काका, घाबरू नका, यात चूक असू शकते. कुणाला दाखवू नका."

साठच्या वर तब्बल बावीस! मी विजयी मुद्रेने महिपतकडे पाहिलं.

"हरकत मागे घेतो," तो शांतपणे म्हणाला आणि त्याने घटनेचं पान उलटलं. "आता कलम चौदा वाचतो. ऐंशी पूर्ण झालेल्या सभासदाने पद सोडून सन्माननीय सल्लागार व्हावं. त्याला निवडणूक लढवता येणार नाही."

कलम चौदा मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी ऐंशी ओलांडलेले धोंडिबा माझ्याविरुद्ध उभे राहणार होते, तेव्हा मीच ते घाईघाईने मंजूर करून घेतलं होतं.

सल्लागार म्हणून पहिल्या रांगेत एकटेच बसणारे धोंडिबा उठले. त्यांनी स्वतःच्या हातांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि शेजारची खुर्ची पुसून पुढे सरकवली.

"या, बसा," ते म्हणाले. "इथे पंख्याचा वारा चांगला लागतो."