नानांची राहिलेली मारामारी

त्या गेममध्ये आख्ख्या भुसावळात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ही बढाई नाही. दुकानाचे मालक सोडले, तर तो गेम दुसरं कोणी खेळतच नव्हतं!

पितांबरनानांच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कोपऱ्यात ते मशीन होतं. आधी एक गेम निघाला, त्यावरून सिनेमा काढला, सिनेमा पडला, आणि मग त्या पडलेल्या सिनेमावरून हा मारामारीचा गेम काढला. म्हणजे चरकातून निघालेलं चिपाड पुन्हा चरकात घालून रस मागायचा! त्यात मशीन जुनं, लाथेचं बटण मेलेलं. हिरो नुसताच बुक्क्या मारायचा. शेवटचा काळ्या कोटातला व्हिलन मात्र लाथाच घालायचा.

नाना रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावून खेळायला बसायचे. "जीवराम, याले पाडल्याशिवाय मी मरत नाही," असं मला म्हणायचे.

तसं झालं नाही. व्हिलनसमोरच त्यांना अटॅक आला. आम्ही त्यांना खाली झोपवलं, तेव्हा पडदा विचारत होता, पुढे खेळायचं का? दहा, नऊ, आठ...

धुरपदाअक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, तेव्हापासून रडल्या नव्हत्या. एक टिपूस नाही! बाया म्हणायच्या, "रडली नाही तर ही बी जाईन." त्या नुसत्या मशीनकडे बघत बसायच्या.

दहाव्याला तापीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर मीटिंगला बसल्यासारखे बसून. शिवेना एकही!

नानांचे थोरले भाऊ चुडामणआबा हात जोडून म्हणाले, "पितांबर, दुकानाले कुलूप लागू देनार नाही!"

काही नाही.

"केळीच्या बागेतला तुझा वाटा अक्काले देईन," आबा हळूच म्हणाले.

"मोठ्यानं बोला, आबा. कावळ्याला ऐकू गेलं नाही," गुरुजी म्हणाले.

आबांना एकदम खोकला आला.

मग मी पुढे झालो. मला कोणी सांगितलं नव्हतं. "नाना! त्या व्हिलनला मी पाडतो. आजच!"

कावळा सरळ पिंडावर!

सगळी भावकी माझ्याकडे वळली. अक्का कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, "तो पडल्याशिवाय मी पानी बी घेनार नाही."

आता अक्का पाणी घेत नाहीत म्हटल्यावर दुसरं कोण जेवणार? डोक्याचा ताजा गोटा केलेली ती सगळी मंडळी उपाशीपोटी पार्लरमध्ये शिरली. माझ्यामागे टकलांची रांग, पाठीवर त्यांचे श्वास. नापास होणाऱ्या पोरालासुद्धा एवढे सुपरवायझर नसतात!

"आपला कोनता रे? तो गोरा?"

"नाही आबा, निळ्या चड्डीचा."

"मंग तो मार का खाऊ राह्यला?"

"आबा, लाथ बंद आहे!"

"तर चाव त्याले!"

चावायचं बटण त्या कंपनीने दिलं नव्हतं. मी हरलो की अक्का न बोलता पुढचं कॉइन टाकायच्या. त्यांचे ओठ सुकत चालले होते. मागच्या घरात वरण-बट्टी गार होत होती आणि तिचा वास भिंतीतून येत होता. एक काका भुकेने मशीनला टेकूनच झोपले.

शेवटी जमलं! व्हिलनचा जीव केसाएवढा उरला. मी हँडल ओढलं, बुक्की उगारली...

लाईट गेली!

गच्चीवरून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसतात. वीज शेजारी शिजते आणि वाढतात दुसऱ्यांना!

"कव्हा येईन?" आबांनी विचारलं.

"आली तरी पहिल्यापासून खेळावं लागेल," मी म्हणालो.

आबा माझ्याकडे असे बघत राहिले, की पुढचा पिंड कोणाचा, हे मला कळून चुकलं.

मग गुरुजींनी तोड काढली. "कावळा आलाच नाही, तर आपण दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्राला चालतो. तसाच व्हिलन करू. नानांच्या जागी अक्का मारतील."

"आणि व्हिलन कोण?" मी विचारलं.

एकाने मला काळा कोट आणून दिला. टीसीचा होता. बगलेत घट्ट!

मी समंजसपणे उभा राहिलो. अक्का म्हाताऱ्या, हात वाळल्या केळीच्या पानासारखे. किती लागणार? त्यांनी गालाला बोट लावल्यासारखं केलं.

"जोरात, अक्का. नानांना पोचलं पाहिजे," गुरुजी म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, कोटाकडे.

"मानूस खाल्ला तू माझा!" त्या ओरडल्या, आणि जी जबड्यावर पडली! मग दुसरी. मग एक लाथही. अक्कांचं लाथेचं बटण शाबूत होतं! "उदबत्ती लावे तुले तो! तुले!" मी खाली, त्या वर, आणि मारता मारता त्यांचा बांध फुटला. कोटात तोंड खुपसून अक्का हंबरडा फोडून रडल्या. बाया रडल्या. आबाही रडले. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.

अक्कांनी पाणी घेतलं. मंडळी पंगतीकडे धावली.

अक्कांनी मला जवळ बसवलं, स्वतः वाढलं. तेवढ्यात लाईट आली आणि भिंतीपलीकडे मशीन आपोआप सुरू झालं. आतून व्हिलन खदाखदा हसला!

अक्कांचा हात थांबला. "गेला ना रे तो, जीवराम?"

"गेला, अक्का," मी म्हणालो, आणि बट्टीच्या घासासाठी तोंड उघडायला गेलो.

उघडेना!