टेम्पोवरचं बिऱ्हाड

"आय एकदा आत झोपली ना, की तूच म्हनशील, घर आसावं तर आसं!" दादासोनं बायकोला, मनिषाला, ठणकावून सांगितलं. आणि सांगितलं कुठं, तर कऱ्हाटीच्या पारावर, चार लोकांदेखत! इथंच माणूस चुकतो बघा. घरातली बढाई घरात जिरते, पारावरची जिरत नाही.

चौऱ्याण्णव सालची ही गोष्ट. दादासोचा एक टेम्पो होता. कांदा, पेंड, लग्नाचं वऱ्हाड, मिळेल ते वाहायचं आणि संसार चालवायचा, असा सरळ धंदा. पण बारामतीच्या एका गॅरेजात त्यानं भिंतीवर परदेशी कॅलेंडर पाहिलं आणि तिथं घात झाला. गाडीच्या पाठीवर आख्खं घर! दार, खिडकी, खिडकीला पडदा! शेजारी पाण्याच्या काठाला खुर्च्या टाकून गोरी माणसं चहा पितायत! दादासोनं सोनबा सुताराला धरलं आणि प्लायवूडची खोली करून घेतली. वर पत्रा, आत बाज, भिंतीला फळ्या. हवी तेव्हा टेम्पोवर चढवायची. उतरवायची तेव्हा खाली चार रिकामी पिंपं आडवी घालायची, दोरखंडानं आवळायची, की झालं घर जमिनीवर!

"आन् कांदा कुठं भरायचा? बाजंवर?" मनिषानं विचारलं.

"अगं, मानसाला हौस नगं का?"

"हौसंला माजी ना न्हाय. पर ह्ये आपल्याला झेपनारं हाय का, त्ये आदी बघा! म्हैना झाला, धंदा बंद हाय. जमत नसंल तर उतरवा त्ये खुराडं!"

शेवटी दोघांनी भामाबाईचा कौल घ्यायचं ठरवलं. भामाबाई म्हणजे दादासोची आई. सारी हयात मेंढरांमागं गेलेली. घोड्यावर बिऱ्हाड, रोज नवं रान, उशाला दगड. उघड्यावरचा मुक्काम तिच्याइतका कुणी केला होता? तिनं त्या घरात एक मुक्काम करायचा. "झ्याक" म्हणाली, तर घर टेम्पोवर राहील. "न्हाय" म्हणाली, तर सोनबा येऊन त्याचं कोंबड्यांचं खुराडं करील. "आय म्हनंल तसं!" म्हणून दादासोनं बिरोबाची आण घेतली. मनिषानंही घेतली.

झालं, निघाले. भामाबाई मागं घरात, बाजेवर. दादासो आणि मनिषा पुढं. भिगवणपर्यंतचा रस्ता तेव्हा कसा होता, ते विचारूच नका. प्रत्येक खड्ड्याला मागून "आय्योऽऽ, मेले!" असा आवाज यायचा. मनिषा गालात हसायची आणि दादासोला घाम फुटायचा.

डाळजला उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ त्यानं टेम्पो थेट पाण्याच्या काठाला लावला. गाडीवर घर म्हटल्यावर निम्मं गाव गोळा झालं. छप्पर हलवायला जमतात तसे गडी जमले, "घ्या रं, घ्या!" करत सगळ्यांनी खोली उचलली आणि एका बाभळीखाली पिंपांवर बसवली.

तिथं गेणू नावाचा मासे धरणारा उभा होता. तो म्हणाला, "पाव्हणं, जरा वर घ्या. हितं ऊन हाय, पर तिकडं घाटात पाऊस लागलाय. पानी चढतंय."

"कॅलेंडरात काठालाच हाय!" दादासो म्हणाला. गेणू मान हलवत आपल्या जाळ्याकडं वळला.

भामाबाईनं भाकरी खाल्ली, बाजेवर अंग टाकलं आणि घोरायलाच लागली! दादासोला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. निम्मा कौल तर मिळाला! आता उठल्याबरोबर कडक चहा दिला, की उरलेला निम्मा. त्यानं स्टोव्ह काढला, तर पिन मोडलेली! आणि चहा नाही म्हणजे म्हातारी तापणार, हे ठरलेलं.

"भिगवनला जाऊन पिन घिऊन येऊ. चल," तो कुजबुजला.

"आत्याबाईंना एकटं टाकून?"

"झोपलीया की ती. आन् घर काय पळून जातंय?"

गेले. पिन मिळाली, पण येताना टेम्पो पंक्चर झाला आणि बराच वेळ गेला. परत येऊन बघतात तर काय, बाभळ जागेवर आणि घर गायब!

"अवो, घर कुठं हाय?" मनिषानं टेम्पोतून उडीच टाकली.

दादासो बाभळीभोवती फिरला. पाय गुडघाभर पाण्यात होते, पण ध्यान कुठं होतं त्याचं! त्याच्या डोक्यात एकच आलं. "चोरलं! मनिषा, कुनीतरी टेम्पो लावून घर उचललं! आन् आत आय हाय!"

मग काय विचारता! तो बोंबलत हायवेला पळाला. गाव त्याच्यामागं. समोरून ताडपत्री झाकलेला एक उंच ट्रक आला, तो पाच-पन्नास माणसांनी आडवा होऊन थांबवला. "आयला काढ माज्या भाईर!" म्हणत दादासो ट्रकवर चढला आणि त्यानं ताडपत्रीच फाडली! आत लग्नाचं कपाट, गाद्या आणि त्यांच्यावर बसलेली करवली! तिनं जी किंकाळी फोडली! मागच्या जीपमधून वऱ्हाडी उतरले आणि दादासोच्या सदऱ्याची कॉलर त्यांच्या हातात राहिली. "आई चोरली म्हनतूय ह्यो!" ड्रायव्हर सगळ्यांना सांगत सुटला. "तुजी आई कपाटात कशाला घालू मी?"

तेवढ्यात गेणूची आई, ठमाबाई, काठी टेकत धापा टाकत आली.

"आरं पोरानु, त्ये पान्यात चाललंय, त्ये घर कुनाचं हाय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. फुगवट्याच्या मधोमध, पडदा फडफडवत, हळूहळू गोल फिरत दादासोचं घर चाललं होतं. पाणी चढलं, रिकाम्या पिंपांनी घर उचललं आणि वाऱ्यानं ओढून नेलं!

"आत्याबाऽऽई!" मनिषानं टाहो फोडला. गावानंही तोंडं उघडली. पण दादासोनं धावत जाऊन बायकोच्या तोंडावर हात दाबला.

"वराडू नका! कुनी वराडू नका! ती झोपलीया. हाक ऐकली तर दार उघडंल आन् जमीन समजून पाय टाकंल!"

सगळं गाव एकदम चिडीचूप झालं. एक जण शिंकणार होता, त्याचं नाक दोघांनी धरलं.

"म्हातारीला पवता येतंय का?" गेणूनं हळूच विचारलं.

"न्हाय."

"आन् तुमाला?"

"मला बी न्हाय," दादासो म्हणाला आणि गेणूच्या पत्र्याच्या होडीत जाऊन बसला.

होडी गळकी. गेणू वल्हवतोय आणि दादासो चहाच्या पातेल्यानं पाणी उपसतोय. हात चालू होता, पण डोळे त्या दारावर. दाराची कडी आतून होती, साधी, बोटानं निघणारी. याच बाईनं त्याला घोड्यावर बांधून कोकणाच्या वाटा तुडवल्या होत्या. एवढ्या मेंढरांत तिचं एक कोकरू कधी हरवलं नाही. आणि आपण? एका दुपारीत आई हरवली! बिरोबा, घर जाऊ दे, पिंपं जाऊ दे, मला माजी आय दे!

वारा वाढला. घर एका अंगाला कललं. दोरखंड कुरकुरला आणि एक पिंप निम्मं बाहेर सरकलं.

"गेणू, हाण रं!"

"हानतुय की! तुमी पानी उपसा, न्हायतर आपुनच जातुय खाली!"

घर आता हाकेच्या अंतरावर आलं. आणि काठावरून आवाज आला, "पोंऽऽ पोंऽऽ पोंऽऽ!" टेम्पोचा हॉर्न! कुणा शहाण्यानं विचार केला, वराडायचं नाही म्हणालेत, हॉर्नचं काही बोलले नाहीत! मनिषानं धावत जाऊन त्याला केबिनमधून ओढून काढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घरात खुडबुड झाली. कडी वाजली. दार उघडलं. भामाबाई डोळे चोळत, पदर सावरत उंबऱ्यात उभी राहिली, जांभई दिली आणि तिनं एक पाय उचलला.

"आये! पाय! पाय टाकू नगंस!"

पाय तसाच अधांतरी राहिला. दादासोच्या हातातलं पातेलं पाण्यात पडलं. गेणूचं वल्हं थांबलं. भामाबाईनं खाली बघितलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग सावकाश उंबऱ्यात बसली, दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि चूळ भरली.

"दादा," ती म्हणाली, "पानी दारातच हाय की रं. बरी जागा धरलीस!"

दादासो होडीतच लहान पोरागत रडायला लागला. गेणूनं घराला दोर बांधला आणि होडीमागं ओढत ओढत काठाला आणलं. मनिषानं गुडघाभर पाण्यात जाऊन सासूला मिठी मारली. मघाचे वऱ्हाडीसुद्धा थांबले होते. करवलीनं डोळे पुसले.

"आत्याबाई, चुकलं आमचं. चला आता घरला," मनिषा म्हणाली.

"थांब. बिरोबाची आन घेतलीया न्हवं तुमी? माजा कौल कोन ऐकनार?"

एवढं रामायण झाल्यावर कौल काय येणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. दादासोनं मान खाली घातली. मनात म्हणाला, होऊ दे खुराडं. आई मिळाली, भरून पावलो.

"घर झ्याक हाय," भामाबाई म्हणाली.

दादासोनं मान वर केली. मनिषानं कपाळाला हात लावला.

"पाळन्यात निजल्यागत झोप लागली बग. आंग दुकलं न्हाय, धूळ न्हाय, हादरं न्हाईत. पर येताना त्या टेम्पोनं माजी हाडं खिळखिळी केली! तवा माजा कौल ऐक. घर ऱ्हाऊ दे. टेम्पो इकून टाक!"

"आवो आत्याबाई!" मनिषा ओरडली. "टेम्पोवर तर पोट हाय आपलं! आन् घर टेम्पोवरच शोभून दिसतंय की! दार काय, खिडकी काय, पडदा काय! आवो, तुमी गप का? सांगा की!"

"आन घेतलीया," दादासो पुटपुटला.

मनिषानं घराचे गोडवे गाऊन गाऊन घसा कोरडा केला. म्हातारी बधली नाही. गावानं घर उचलून गेणूच्या वस्तीशेजारी उंचावर नेऊन ठेवलं. भामाबाई आणि ठमाबाई बाजेवर मांडी घालून बसल्या, पानाची चंची सोडली आणि मेंढरांच्या गप्पा सुरू झाल्या.

"च्यार दिस ऱ्हाते मी हितं," भामाबाईनं आतूनच सांगितलं. "टेम्पो इकला, की न्ह्यायला या. यष्टीनं या!"

नवरा-बायको रिकामा टेम्पो घेऊन परत निघाले. रिकामी गाडी जास्तच उडते. भिगवण गेलं, पुढचे खड्डे सुरू झाले. एका दणक्याला मनिषाचं डोकं वर टपाला जाऊन आपटलं. तिनं टाळू चोळली, कमरेला हात लावला आणि दादासोकडं न बघता म्हणाली,

"आत्याबाईंचं काय चुकलं न्हाय बगा."