दमूताईंचं महिला (व पुरुष) नृत्यमंडळ

दमूताई फणसळकर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. त्या पायांकडे बघत. रस्त्यात भेटल्या की आधी तुमच्या चपलांवर नजर, मग घोट्यांवर, आणि मग एकदम प्रश्न: "वजन कुठाय?"

नवख्या माणसाची फजिती ठरलेली. लग्न होऊन मी इंदूरला, बडा गणपतीच्या मागच्या आमच्या गल्लीत आले, तेव्हा शेजारच्या या बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं असं म्हणता येणार नाही. त्या नखांपाशीच थांबल्या आणि विचारलं, वजन कुठाय? मी लाजून किलोत उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "किती नाही विचारलं. सगळं डाव्या पायावर टाकलंयस. उजवा काय माहेरी ठेवून आलीस?"

त्यांचं म्हणणं असं, की नाच म्हणजे वजन या पायावरून त्या पायावर नेणं, बाकी सगळी सजावट. आपलं वजन कुठे आहे हे ज्याला कळत नाही तो नाचात पडतो आणि संसारातही पडतो. हा प्रश्न त्या दूधवाल्याला विचारत, पोस्टमनला विचारत. एकदा कार्यक्रमाच्या परवानगीसाठी एका सरकारी कचेरीत गेल्या आणि तिथल्या बाबूजींना हिंदीत विचारलं, "आपका वजन किधर है?" बाबूजींनी इकडेतिकडे बघून फाइल हळूच पुढे सरकवली आणि दबक्या आवाजात सांगितलं, की वजन तर फाइलवर ठेवायचं असतं, आणि ते अर्जदाराने ठेवायचं असतं. दमूताईंनी त्यांना समजावलं, की नाही, वजन नेहमी चवड्यावर हवं. बराच वेळ समजावलं. बाई नक्की वरून तपासणीला आल्यात अशी बाबूजींची खात्री पटली आणि परवानगी त्याच दुपारी मिळाली.

दमूताईंचे आजोबा होळकरांच्या दरबारात कारकून म्हणून इंदूरला आले होते. त्या स्वतः मुलींच्या शाळेत कवायत शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मंडळ काढलं होतं आणि दारावर पाटी होती, 'महिला नृत्यशिक्षण मंडळ'. दर पाडव्याला मंडळाची वार्षिक सभा भरे आणि येत्या वर्षाचे प्रकल्प जाहीर होत. कार्यकारिणी म्हणजे मी, आणि त्या वेळी जी कोणी दळण घेऊन गल्लीतून जात असेल ती. मी बिजलीच्या ऑफिसात टायपिंग करायचे, एवढ्या गुणावर मला सचिव केलेलं होतं. ठराव एकमताने पास होत, कारण मत एकच होतं.

प्रकल्पांत कधी कमतरता नसे. एका वर्षी 'नृत्य आणि पचन' अशी व्याख्यानमाला झाली. श्रोते जेवून आले होते, ते झोपले. दमूताईंनी याची नोंद 'पचनावर उत्तम परिणाम' अशी करायला लावली. एका वर्षी महूला फौजी अफसरांच्या बायकांसाठी वर्ग काढला. त्या बिचाऱ्या उंच टाचांच्या सँडली घालून आल्या. दमूताई परत आल्या त्या निराश होऊन. म्हणाल्या, "वजन कुठाय विचारायची सोयच नाही गं. सगळं हवेत."

अन्नपूर्णेच्या मंदिराकडच्या एका शाळेत नाच शिकवायचा म्हणून आम्ही हेडबाईंना भेटलो. त्यांनी विचारलं, परीक्षेत याला मार्क किती. शून्य, असं कळल्यावर त्यांनी डब्याच्या सुट्टीनंतरचा तास दिला, ज्या तासाला मुली पेंगतातच. दमूताईंनी तो तास असा घेतला की शेजारच्या वर्गातल्या मुली खिडकीला लटकल्या. हेडबाई तक्रार करायला आल्या आणि खुर्चीवर बसून बघू लागल्या. परत येताना दमूताई मला म्हणाल्या, की हेडबाई तोंडाने नाही म्हणत होत्या, पण टेबलाखाली त्यांची टाच ठेका धरून होती. पुढच्या वर्षी तो तास पक्का झाला.

मग मिल बंद पडली.

तशा एकेक करून शहरातल्या मिला बंद पडतच होत्या, पण आपली बंद पडली की कळतं. आमचे हे, सुधाकर, मिलच्या टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आला, कोण उशिरा आला, हे त्यांच्याकडे. आता त्यांना कुठेच वेळेवर जायचं नव्हतं. तरी सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दाराकडे पाठ करून खुर्चीत बसायचे. मी ऑफिसला निघाले की माझ्याकडे बघायचे नाहीत. संध्याकाळी मी परत यायचे तेव्हा तीच खुर्ची, तोच शर्ट, घडी न मोडलेला.

भेटायला लोक येत. आवाज बारीक करून राहिलेल्या पगाराचा हिशेब मिळेल का विचारत, सरकारला शिव्या देत, चहा पिऊन जात. हे फक्त "हो" म्हणत. एके दिवशी दमूताई आल्या. यांच्या पायांकडे बघितलं, आणि मला वाटलं आता नको तो प्रश्न विचारतात. त्यांनी विचारला नाही. म्हणाल्या, "सुधाकर, माझा टेपरेकॉर्डर फार जड झालाय रे. उद्या दुपारी जरा मैदानापर्यंत उचलून देशील का?"

म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणणार. हे गेले. दुसऱ्या दिवशीही टेपरेकॉर्डर जडच होता. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून बघायला गेले, तर मैदानात गल्लीतले मिलवाले उभे होते. पत्ते कुटत ओट्यावर बसणारे सगळे दमूताईंनी उठवून आणले होते, आणि प्रत्येकाच्या हातात शाळेने भंगारात काढलेली लेझीम होती. त्यांच्यात मागांच्या खात्यातला रामलाल होता. उभी हयात मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे तो नेहमी ओरडूनच बोलायचा. तो ओरडून सांगत होता, की बाईजी, गणपति की झांकी के आगे तो हर साल नाचे, पर सीखके कभी नहीं नाचे. दमूताईंनी त्याला सांगितलं, की आजवर गणपतीसाठी नाचलास, आता गुडघ्यांसाठी नाच.

त्या आठवड्यात दारावरच्या पाटीत बदल झाला. 'महिला' या शब्दापुढे जागा नव्हती, म्हणून पेंटरने वर, कंसात, बारीक अक्षरांत लिहिलं: '(व पुरुष)'. रंगही दुसराच होता. गल्लीतली 'भिया, भिया' करणारी पोरं येता-जाता हसायची. हेही मैदानात रोज जायचे, पण लेझीम घेत नसत. टेपरेकॉर्डरपाशी उभे राहायचे, बटण दाबायचे.

त्याच सुमारास आमच्या रस्त्यावर एक डान्स अकॅडमी निघाली. घरोघरी केबल आलेली होती, आणि टीव्हीत जे दिसायचं ते ही अकॅडमी शिकवायची. भिंतभर आरसे, रंगीत दिवे. मंडळाच्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. मी दमूताईंना म्हटलं, जाऊन बघून तर या. त्या गेल्या, तासभर बसल्या, परत आल्या. कसं वाटलं विचारलं तर म्हणाल्या, "सगळी बूट घालून नाचतात. पायच दिसत नाहीत, मी बोलू काय?"

वार्षिक कार्यक्रम जवळ आला तेव्हा एक नवा शब्द आमच्या आयुष्यात आला: प्रायोजक. पूर्वी वर्गणी देणाऱ्याला देणगीदार म्हणत, आणि तो मागच्या रांगेत बसे. प्रायोजक पुढच्या रांगेत बसतो आणि त्याचा बॅनर स्टेजवर. आम्हाला नमकीनचे एक शेठजी मिळाले. त्यांची शेव पूर्वी कागदाच्या पुडीत यायची, आता चंदेरी पाकिटात यायला लागली होती. त्यांच्या मॅनेजरने सांगितलं, की हॉल आमचा, माइक आमचा, पण मिलवाल्यांचा आइटम पाहिजेच. शेठजींना त्यावर बोलायचं आहे. बॅनरवर शेवेचं चित्र एवढं मोठं आलं की मंडळाचं नाव शेवेच्या एका काडीखाली मावलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी कार्यक्रमपत्रिका घेऊन विंगेत उभी होते. मिलवाले रांगेत तयार होते. एक जण गावी गेल्याने जागा रिकामी होती, म्हणून दमूताईंनी यांच्या हातात लेझीम दिली होती आणि यांनी ती घेतलीही होती. मी कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलं. बोलले असते तर खाली ठेवली असती.

शेठजी माइकपाशी आले. माणूस वाईट नव्हता, पण भाषण कुणीतरी लिहून दिलेलं होतं. ते म्हणाले, "मिल बंद हुई तो रोना कैसा? देश खुल रहा है, बाज़ार खुल रहा है. ये हमारे मिल के भाई देखिए, नाच रहे हैं. आप भी नाचिए." मागच्या रांगांत पाकिटं वाटणं चालू होतं, तिकडून टाळ्या आल्या.

विंगेत रामलालने लेझीम खाली ठेवली, जराही आवाज न करता. यांनी ठेवली. मग एकेकाने. दमूताई खालीच बघत होत्या, त्यामुळे त्यांना माझ्याआधी दिसलं, की सगळ्या रांगेचे पाय मागच्या दाराकडे वळलेत.

त्या सरळ स्टेजवर गेल्या आणि शेठजींच्या हातातून माइक घेतला. म्हणाल्या, "शेठजी ने कहा, नाचो. बड़े आदमी हैं, तो पहले वही नाचेंगे."

लोकांना वाटलं गंमत आहे. शेठजींनाही वाटलं, ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही म्हातारी बाई आपल्यापुढे खाली बसून बुटाची नाडी सोडते आहे. ते एवढे गडबडले की "अरे माताजी, अरे माताजी" म्हणत स्वतःच बूट काढून मोकळे झाले. दमूताईंनी त्यांना मोज्यांवर रांगेच्या मधोमध उभं केलं, हातात लेझीम दिली आणि विंगेकडे बघून नुसती मान हलवली. रामलाल आला. हे आले. मग सगळे.

शेठजी पहिल्या पावलालाच चुकले. लोक हसले. दुसऱ्याला चुकले, लोक आणखी हसले. गुळगुळीत फळीवर मोजा सरकला आणि ते पडणार, तेवढ्यात यांनी त्यांचं कोपर धरलं. मला विंगेतून ऐकू आलं, हे म्हणाले, "शेठजी, पहले दायाँ. आराम से." आणि मग यांनी मोठ्याने ताल मोजायला सुरुवात केली. एक, दो, तीन, चार. तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. टाइम ऑफिसच्या खिडकीतून हजेरी पुकारायचा आवाज. हळूहळू शेठजींचं पाऊल रांगेत पडू लागलं आणि हसणं थांबलं.

नाच संपल्यावर शेठजी विंगेत येऊन एका खोक्यावर बसले. रामलालने त्यांना पाणी दिलं. शेठजींनी धापा टाकत विचारलं, "ये रोज़ करते हो?" रामलाल त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काम तो है नहीं शेठजी, रोज़ ही करते हैं." हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असणार. शेठजींनी पाणी संपवलं आणि रिकामा ग्लास रामलालला परत दिला.

पुढच्या वर्षी मॅनेजरचा निरोप आला, की कंपनीची पॉलिसी बदलली, आता फक्त क्रिकेट. रामलालने फळांचा ठेला लावला. त्याला हाक मारावी लागायची नाही, अख्ख्या मोहल्ल्याला संत्र्याचा भाव घरबसल्या कळायचा. यांनी कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ टाकला. पण हे सगळं नंतरचं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी दमूताईंची नेसायला घेतलेली साडी परत करायला गेले. पुढची खोली उघडीच होती. आत दमूताई खिडकीशी होत्या. हात एकमेकांवरून तिढा घालून त्यांनी खिडकीचे दोन गज धरले होते, पाय जुळवून, अंग मागे झोकून त्या जागच्या जागी उड्या मारत होत्या. गज काही फिरत नव्हते.

मी विचारलं, "दमूताई, काय करून राहिलात?"

त्या थांबल्या, पण गज सोडले नाहीत. पुढच्या वर्षी फुगडीचा प्रकल्प घ्यायचा विचार आहे, त्याची चाचणी चालू आहे, असं म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अक्का होती तोवर रोज घालायचो गं. स्वयंपाक झाला की एक फुगडी. दोघींचीही पन्नाशी उलटली होती, हसायचं कोण."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. माझ्या लग्नाच्या आधीच ती गेली होती. मी तिला भिंतीवरच्या फोटोतच पाहिलेलं.

मी साडी खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि हात पुढे केले. एवढी वर्षं मी सचिव होते, पण दमूताईंनी कुणाचे हात धरलेले मला आठवेनात. त्या शिकवायच्या समोर उभं राहून, तोंडाने. त्यांनी माझ्या हातांकडे जरा वेळ बघितलं. मग तिढा घालून धरले. बोटं थंड होती आणि पकड विलक्षण घट्ट.

"सोडू नकोस हं," त्या म्हणाल्या.

आम्ही सावकाश फिरू लागलो. त्यांचं वय बघून मी वेग धरत नव्हते, तर त्या रागावल्या, म्हणून धरला. खोली फिरली, फडताळातली भांडी फिरली, अक्काचा फोटो फिरला. दोघींना दम लागला तेव्हा थांबलो. त्यांनी हात मात्र सोडले नाहीत. बाहेर पाटीवाल्या दारापाशी कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, बहुतेक दूधवाला.

"थांब रे जरा," त्या आतूनच म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "आता उलटी घालू. डावीकडून."