मंदाताईंचं बाकडं

हसूकाकांना जेवायला बोलावलंत, तर ताट वाढायच्या आधी ते तुमच्या टेबलाखाली गेलेले असतील. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वाघमारे यांनी हा अनुभव घेतलाय. नवं डायनिंग टेबल बघायला त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं होतं. काकांनी टेबलाचा एक पाय वाघमाऱ्यांनाच उचलायला लावला, खिशातल्या ब्लेडने त्याचा तळ तासला, थुंकी लावून पुसला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"सेक्रेटरी, यो साग नाय हाय," टेबलाखालून आवाज आला. "बाभूल हाय. पॉलिश तेवरा सागाचा."

वाघमारेवहिनींनी त्या दिवशी गुलाबजाम बाहेर आणलेच नाहीत.

काका मूळचे खाडीकाठच्या गावातले. जवळच्या पावणे गावात एका लाकडाच्या वखारीत त्यांनी आयुष्यभर करवत चालवली. आता कोपरखैरण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. "लाकराचं अंग नको बघू, बाय. त्याला रंग मारता येतो. तोंड बघ," असं मला शिकवतात. तोंड म्हणजे आडवा कापलेला भाग. सागाच्या तोंडावर वर्षावर्षाच्या रेघा आणि रेघेला लागून बारीक भोकांची माळ. आंब्याची भोकं विस्कटलेली. पाइनला डोळ्याला दिसेल असं भोकच नाही. हे कळल्यापासून मीही लोकांच्या घरी पोळपाट उभा धरून बघते. नवरा वैतागलाय.

वाशीच्या एका दुकानात विक्रेता "प्युअर टीक" म्हणाला. काकांनी स्टुलाचं तोंड बघून शांतपणे विचारलं, "तुमच्या टीकला आंबे कवा लागतात?"

गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या मंदाताईंच्या मुलाने घराचं काम काढलं. गॅलरीत एक बाकडं होतं. मंदाताईंच्या मिस्टरांनी, सावंतांनी, स्वतः ठोकलेलं, चारही पाय वेगवेगळ्या विचारांचे. सावंतांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा म्हणाला, "सागवान असेल तर ठेवू, नाहीतर भंगारात."

"हे तर याला सागच म्हणायचे," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी काकांना बोलावलं. मीही खाली गेले. बाकड्याचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

काकांनी फळीचं टोक तासलं, पुसलं, भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग मी भिंग मागून घेतलं. एकही भोक दिसेना.

"साग हाय," काका मुलाला म्हणाले. "असा आता मिलत नाय. फेकू नको."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "काका, ते पाइन आहे."

"म्हाईत हाय. वखारीत मशिनींचे खोके यायचे, त्याच्या फल्या त्या. मीच दिल्या. सावंत दर रविवारी येऊन दोन फल्या न्यायचा. मना बोलला, मंदाला साग सांगितलाय, तू कवा बोलू नको."

"आणि तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"नाय." ते कठडा धरून थांबले. "बाकरा तर कवाच ठोकून झालेला, बाय. तरी तो रविवारचा यायचाच. चाय प्याला."

मी हे मंदाताईंना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "काकांना रविवारी चहाला बोलवा ना."

त्यांनी बोलावलं, बाकड्यावरच्या कुंड्या हलवून जागा केली. काका एका कडेला बसले. कप रिकामा झाला, तरी ते बराच वेळ उठले नाहीत.